बेसबॉलच्या मायनर लीगमधून रिलीज झाल्यावर कोच कसं व्हायचं: पहिल्या वर्षाची वाट

मार्चचा शेवटचा आठवडा. ॲरिझोनात स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचं सराव शिबिर, संपत आलेलं असतं. सकाळी साडेसहाला क्लबहाउसमध्ये शिरताना दाराशी उभा असलेला कोच हळू आवाजात म्हणतो, "तुला ऑफिसात बोलावलंय." एवढं ऐकलं की पुढचं सांगावं लागत नाही: रिलीज, म्हणजे क्लबने करार संपवून तुम्हाला सोडलं. मला बोलावलं तेव्हा माझ्या हातात स्पाइक्सची जोडी होती. आत सगळं बोलणं होईपर्यंत ती मी तशीच धरून बसलो होतो.

मी दहाव्या वर्षी साताऱ्याहून न्यू जर्सीला आलो ते क्रिकेटमधला डावखुरा हात घेऊन. कॉलेजात पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, झालो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणी घेतलं नाही, पण मेजर लीगशी न जोडलेल्या इंडिपेंडंट लीगमधून एका क्लबने उचललं आणि मी हाय-ए या मायनर लीगच्या मधल्या पायरीपर्यंत पोचलो. मग कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि गेलेला वेग परत आला नाही. आज मी पिचिंग कोच आहे. इथल्या मराठी घरांतली मुलं आता शाळा-कॉलेजच्या संघांत दिसतात, आणि त्यांच्या आईवडिलांचे मला फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: खेळ थांबला की पुढे काय? मला हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतो.

१. शिडी आणि तिच्यावरच्या जागा समजून घ्या

२०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, तीस क्लबांशी जोडलेले मायनर लीगचे १२० संघ उरले. प्रत्येक क्लबचे चार, वरून खाली: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. त्याखाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्स लीग, आणि डोमिनिकन रिपब्लिकमधली समर लीग. त्याआधी १६० संघ होते. संघ घटले तशा खेळाडूंच्या जागा घटल्या, पण मैदानावरचा कोचिंग स्टाफ मात्र वाढत गेला. पूर्वी एका संघाला मॅनेजर, पिचिंग कोच आणि हिटिंग कोच असले की भागायचं. आता बेंच कोच असतो, डेव्हलपमेंट कोच असतो, शिवाय संघासंघांतून फिरणारे कोऑर्डिनेटर असतात.

बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे ऑफिसातला साहेब नव्हे. तो संघाचा मुख्य कोच असतो आणि डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, गणवेश घालूनच बसतो. कोणाला बढती द्यायची, कोणाला सोडायचं आणि कोणता कोच ठेवायचा हे फार्म डायरेक्टर, म्हणजे खेळाडू घडवण्याच्या विभागाचा प्रमुख ठरवतो. तुमचं काम त्याच्याशी आहे.

नव्या माणसाने कॉम्प्लेक्स लीग किंवा सिंगल-ए मधली डेव्हलपमेंट कोचची किंवा सहायक कोचची जागा मागावी. मी हाय-ए खेळलोय, मग तिथलाच कोच का नाही, असं मनात येतं. माझ्याही आलं होतं. पण खालच्या पायरीवरच शिकायला सगळ्यात जास्त मिळतं, कारण तिथल्या मुलांचं काहीच पक्कं झालेलं नसतं.

२. वही रिलीजच्या आधीच सुरू करा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. कोचची नोकरी ही खेळत असताना आजूबाजूचे लोक तुमच्याकडे काय बघत होते त्यावर मिळते. फार्म डायरेक्टर, कोऑर्डिनेटर, ट्रेनर हे सगळे तुम्हाला रोज बघत असतात. बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर सराव करतात त्या जागी, रिकाम्या वेळी तुम्ही काय करता, नव्या मुलाला जेवणाच्या रांगेत सोबत घेता की नाही, हे त्यांना दिसत असतं.

ऑपरेशननंतर मी जवळजवळ वर्षभर खेळलो नाही. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसून चार्ट भरायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक पिचचा, म्हणजे टाकलेल्या प्रत्येक चेंडूचा, प्रकार, वेग, जागा आणि निकाल नोंदवायचा. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग चार्टच्या शेजारी मी माझी एक वही ठेवायला लागलो. चार्टमध्ये जे मावत नव्हतं ते वहीत जायचं: "३-१ ला (तीन बॉल, एक स्ट्राइक) स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, टाकला, पुढचा खांदा लवकर उघडला." "धावपटू पहिल्या बेसवर आला की ग्लोव्ह दोन बोटं खाली येतो." "चूक झाली की टोपी काढतो, आणि पुढचा पिच घाईत जातो." त्या वर्षात मी माझ्या स्वतःच्या हाताबद्दल विचार करायचं थांबलो आणि दुसऱ्यांचे हात बघायला लागलो.

रिलीजच्या दिवशी फार्म डायरेक्टरने मला विचारलं, "ती वही अजून आहे का?" तो तिच्याबद्दल कधी बोलला नव्हता, पण त्याने ती पाहिली होती.

वही कशी ठेवावी याचे तीनच नियम सांगतो. तारीख आणि प्रतिस्पर्धी संघ लिहा. जे डोळ्यांनी दिसलं ते आधी लिहा, त्याचं कारण काय असावं ते वेगळ्या ओळीत. आणि तुमचा अंदाज चुकला तर पान फाडू नका, खाली लिहा की चुकला. ती चुकलेली पानं पुढे मुलाखतीत सोन्यासारखी कामाला येतात.

३. रिलीजच्या खोलीत काय बोलायचं

राग येतो, रडू येतं, आणि दोन्ही साहजिक आहे. पण खोलीतून उठण्याआधी एक वाक्य बोला: "मला कोचिंग करायचंय. या मोसमात किंवा पुढच्या, जिथे असेल तिथे." नंतर ईमेलवर हेच लिहिणारे पुष्कळ असतात, तिथल्या तिथे बोलणारे फार थोडे.

ब्रायन स्निटकर यांची गोष्ट बेसबॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ते अटलांटा ब्रेव्ह्जच्या मायनर लीगमध्ये कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारे) होते, मेजरपर्यंत कधी पोचले नाहीत. त्यांना रिलीज करणारे फार्म डायरेक्टर म्हणजे बेसबॉलचे दिग्गज बॅटर हँक ॲरन, आणि कोचिंगची पहिली संधीही ॲरन यांनीच दिली. त्यानंतर स्निटकर यांनी अनेक दशकं मायनर लीगच्या बसमध्ये काढली. २०१६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ते ब्रेव्ह्जचे मॅनेजर झाले आणि २०२१ मध्ये त्यांच्या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली. जिम लेलंड हेही डेट्रॉइट टायगर्सच्या मायनर लीगमधले कॅचर, मेजरमध्ये एकही सामना न खेळलेले. १९९७ साली मॅनेजर म्हणून फ्लोरिडा मार्लिन्सला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली आणि २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. मेजर खेळलो नाही म्हणून दार बंद, असं कोणी म्हणालं तर ही दोन नावं आठवा.

खबरदारी: त्या संध्याकाळी समाजमाध्यमांवर काहीही लिहू नका. क्लबबद्दल, कोचबद्दल, निर्णयाबद्दल, काहीही. दोन वर्षांनी तुमचा अर्ज वाचणारा माणूस तेच आधी वाचणार आहे.

४. पहिल्या महिन्यातली कागदपत्रं

हे काम रटाळ आहे, पण ते टाळल्यामुळे चांगल्या जागा हातातून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एका फाइलमध्ये हे जमवा:

- एका पानाचा बायोडेटा. खेळाचे आकडे दोन ओळीत, उरलेल्या पानात तुम्ही कोणाला काय शिकवलं ते.
- तीन माणसांची नावं आणि फोन, त्यांना आधी विचारून. त्यातला एक तरी ट्रेनर किंवा स्ट्रेंग्थ कोच असू द्या. ते खरं बोलतात हे सगळ्यांना माहीत असतं.
- एखाद्या पिचरवर किंवा बॅटरवर लिहिलेला दोन पानी अहवाल, नाव झाकून.
- सीपीआर आणि एईडीचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचाराचं, प्रमाणपत्र, आणि खेळाडूंचं शोषण रोखण्यासाठीचं सेफस्पोर्टचं प्रशिक्षण. मुलांसोबत काम करायचं तर पार्श्वभूमीची तपासणीही होते.
- चालू पासपोर्ट. डोमिनिकन अकादमीत पाठवलं तर लागतोच, पण हाय-ए मधला व्हँकूव्हरचा संघ कॅनडात आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.
- ड्रायव्हिंग लायसन्स, स्वच्छ रेकॉर्डसह. कॉम्प्लेक्सवर खेळाडूंची व्हॅन चालवायची पाळी नव्या कोचवर येऊ शकते.

डिग्री अर्धी राहिली असेल तर तुमचा पहिला करार काढून बघा. सही करताना पुष्कळ खेळाडूंच्या करारात कॉलेजच्या खर्चाची रक्कम लिहिलेली असते. खेळ सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू केलं नाही तर ती बुडते. माझ्या एका सोबत्याने "पुढच्या वर्षी बघू" म्हणत ती घालवली, आणि आता तो कर्ज काढून शिकतोय.

तुम्ही पी-१ व्हिसावर खेळत असाल तर रिलीजच्या दिवशीच इमिग्रेशन वकिलाला फोन करा. तो व्हिसा खेळण्यासाठीचा असतो आणि त्या क्लबशी बांधलेला असतो. कोचच्या नोकरीचा विचार त्यानंतर.

५. यंत्रं शिका, पण आकडे पाठ म्हणून दाखवू नका

आज कोणत्याही क्लबच्या बुलपेनमध्ये चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारं ट्रॅकमॅन किंवा रॅप्सोडो असतं, पिचरच्या बोटांवर रोखलेला एजरट्रॉनिक हा अतिवेगवान कॅमेरा असतो, आणि बॅटच्या मुठीला बॅटची हालचाल मोजणारा ब्लास्टचा सेन्सर. हे वापरता येत नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. शिकायला पैसे नसतील तर जवळच्या इनडोअर केजमध्ये, म्हणजे जाळी लावलेल्या सरावाच्या जागेत, जा, जिथे रॅप्सोडो असेल तिथे संध्याकाळी फुकट मदत करा आणि त्या बदल्यात यंत्र हाताळायला मागा. मी चार महिने हेच केलं.

एक उदाहरण देतो. फास्टबॉलच्या उभ्या हालचालीचा आकडा सांगतो की निव्वळ गुरुत्वाकर्षणाने चेंडू जेवढा खाली यायला हवा होता त्यापेक्षा तो किती इंच कमी खाली आला. बारा इंचांचा आणि अठरा इंचांचा फास्टबॉल एकाच वेगाने आले तरी बॅटरला ते दोन वेगळे चेंडू वाटतात. दुसऱ्याच्या खालून बॅट जाते. हे तुम्हाला कळलं पाहिजे. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला "तुझा आकडा चौदावर आलाय" म्हटलं की तो पुढचे दहा पिच आकड्यासाठी टाकतो आणि खांदा ताठ करतो. त्याला म्हणा, "मधलं बोट चेंडूच्या मागे शेवटपर्यंत राहू दे, कडेने घसरू देऊ नकोस." आकडा नंतर बघता येतो, आणि तो तुम्ही बघायचा.

६. स्पॅनिश शिका

हे मी फार उशिरा केलं आणि त्याची मला खंत आहे. मायनर लीगच्या कोणत्याही क्लबहाउसमध्ये डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाची मुलं मोठ्या संख्येने असतात. सोळाव्या वर्षी करार करून ती घर सोडतात. त्यांच्याशी दुभाष्यामार्फत पिचिंग बोलता येतं, पण त्याची आई आजारी आहे म्हणून तो तीन रात्री झोपला नाही, हे दुभाष्यामार्फत कळत नाही.

आपल्यासारख्यांना इथे एक फायदा आहे. परक्या भाषेच्या वर्गात गप्प बसून राहिलेला मुलगा कसा असतो हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. न्यू जर्सीच्या शाळेत पहिलं वर्षभर मीच तो होतो. रोज अर्धा तास द्या, आधी मैदानावरचे शब्द: खांदा, कोपर, दुखतंय, दमलास का, पुन्हा, सावकाश. "दुखतंय" हा शब्द सगळ्यात आधी.

७. अर्ज केव्हा आणि कुठे

कोचचे करार बहुतेक एकेका वर्षाचे असतात. मोसम सप्टेंबरमध्ये संपतो, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जागा रिकाम्या होतात. डिसेंबरमध्ये विंटर मीटिंग्ज, म्हणजे सगळ्या क्लबांच्या अधिकाऱ्यांच्या वार्षिक बैठका, असतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकन बेसबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन. फेब्रुवारीत कॅम्प सुरू होतात, तेव्हा नव्या माणसाला जागा मिळणं कठीण. म्हणजे मार्चमध्ये रिलीज झालेल्याला सहा-सात महिने हातात असतात.

जाहिराती क्लबांच्या वेबसाइटवर, आणि टीमवर्क ऑनलाइन व फॅनग्राफ्स या साइटवर येतात. अर्ज तिथे भरा आणि त्याच दिवशी ओळखीच्या एका माणसाला त्या क्लबमध्ये फोन करायला सांगा. दोन्ही करा. विंटर मीटिंग्जला जाण्याचा खर्च पहिल्या वर्षी मी करणार नाही. हॉटेलच्या लॉबीत उभं राहून फारसं काही हाती लागत नाही. तेच पैसे कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनाला घाला. तिथे व्याख्यानं ऐकायला मिळतात आणि कॉलेजचे कोच मोकळेपणाने बोलतात.

कॉलेजचा रस्ताही चांगला आहे. डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, बिनपगारी व्हॉलंटियर कोचची जागा २०२३ पासून बंद झाली. खालच्या डिव्हिजनमध्ये आणि ज्युनिअर कॉलेजात अजूनही थोड्या पैशात सुरुवात करता येते, आणि शिकता शिकता कोचिंग करण्याची सोयही असते.

मधल्या काळात लहान मुलांना खासगी शिकवणी देऊन घरभाडं निघतं. दोन गोष्टी पाळा. मुलाचा वेग इतका वाढवून देईन असं वचन कोणत्याही पालकाला देऊ नका. आणि मेजर लीग व यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट नियमावलीतले आकडे भिंतीवर लावा: ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, १३-१४ च्या मुलाला ९५, आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले की चार दिवस विश्रांती. बाप कितीही म्हणाला की "अजून एक इनिंग टाकू दे," तरी नाही म्हणायचं. माझा कोपर ऑपरेशनपर्यंत गेला त्याची सुरुवात चौदाव्या वर्षी, एका शनिवारी दोन सामने टाकल्यावर झाली असं मला आजही वाटतं.

८. मुलाखत

तुम्हाला एखाद्या पिचरचा व्हिडिओ आणि आकडे देऊन त्याच्यासाठी योजना मांडायला सांगतात. घाईने सात दोष दाखवू नका. एकच गोष्ट निवडा, ती का निवडली ते सांगा, आणि सहा आठवड्यांनी ती जमली की नाही हे कशावरून ओळखाल ते सांगा. "तुम्ही कधी चुकलात?" हा प्रश्न मला प्रत्येक मुलाखतीत आला. वहीतलं खरं पान सांगा.

९. करारावर सही करण्याआधी

मेजर लीगच्या खेळाडूंची संघटना २०२२ पासून मायनर लीगच्या खेळाडूंसाठीही आहे. २०२३ च्या करारात त्यांचे किमान पगार ठरले: कॉम्प्लेक्स लीगला वर्षाला १९,८०० डॉलर, ट्रिपल-ए ला ३५,८००. कोच या करारात येत नाहीत, म्हणून विचारायचं ते तुम्हीच विचारायचं. राहण्याची सोय कोणाची? पगार बारा महिने की मोसमापुरता? आरोग्य विमा कोणत्या तारखेपासून, कुटुंबासह की एकट्याचा? हिवाळ्यात खासगी शिकवणी चालेल का? उत्तरं लेखी घ्या. पहिल्या नोकरीत मी राहण्याबद्दल विचारलं नाही आणि एप्रिलचे दोन आठवडे मित्राच्या सोफ्यावर काढले.

खबरदारी: मेजर लीगचा नियम २१. बेसबॉलच्या कोणत्याही सामन्यावर पैज लावली तर वर्षभराची बंदी, ज्या सामन्याशी तुमचा संबंध आहे त्यावर लावली तर कायमची. कोचही त्यात येतात. फोनवरचं बेटिंगचं ॲप पहिल्याच दिवशी काढून टाका.

१०. पहिला मोसम

हाय-ए आणि सिंगल-ए मध्ये १३२ सामने असतात. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा सामने, आणि सोमवार बहुतेक बसमध्ये जातो. सामना सातचा असला तरी कोच दुपारी बाराला मैदानात. दोन वाजता ज्यांना जादा काम हवं ते येतात, मग बुलपेन, मग बॅटिंग प्रॅक्टिस. सामना संपल्यावर अहवाल लिहून खोलीवर जायला मध्यरात्र होते. एल-स्क्रीनच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला वाचवणाऱ्या एल आकाराच्या जाळीच्या, आडून रोज दोनशे चेंडू टाकायचे असतात, त्यामुळे ज्या खांद्यामुळे तुम्ही खेळ सोडला त्याची काळजी आताही घ्यावी लागते.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात, कॉम्प्लेक्सवर, अठरा वर्षांचा एक डावखुरा मुलगा होता. त्याचा कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली येणारा चेंडू, बघून मला माझा आठवला. मी त्याला माझी पकड दिली: अंगठा खाली, मधलं बोट शिवणीच्या आतल्या कडेला. तो आज्ञाधारक, दोन आठवडे रोज तेच करत राहिला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा कर्व्ह जमिनीत जायला लागला. फिरतीवर आलेला कोऑर्डिनेटर नेटच्या मागे उभा राहून बराच वेळ बघत होता. मग मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "हा हात कोणाचा आहे?" मला कळायला क्षणभर लागला. मी त्या मुलाची बोटं कधी नीट पाहिलीच नव्हती. ती माझ्यापेक्षा पेरभर लांब होती, आणि माझी पकड त्याच्या हातात बसणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चेंडू दिला आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हटलं, तू लहानपणी कसा धरायचास ते दाखव. त्याने धरला. आम्ही तिथून पुन्हा सुरुवात केली. मोसम संपायच्या आधी त्याचा कर्व्ह परत आला.

आईला मी पहिल्या नोकरीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू मास्तर झालास." तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते.

पहिल्या दिवशी मैदानावर जाताना फंगो बॅट (सरावात झेल देण्याची हलकी बॅट), स्टॉपवॉच, टोपी, सनस्क्रीन आणि वही बरोबर ठेवा. लिहायला पेन्सिल घ्या. घामाने आणि पावसाने शाई पसरते, पेन्सिलीचं लिहिलेलं राहतं.